डाव्या हाताचा नारळ

आमच्या घरात चुलीच्या वर एक देवळी आहे. तिथं काडेपेटी, हळदीची डबी आणि उदबत्तीचा पुडा असतो. मागच्या हिवाळ्यात तिथं एक नारळ येऊन बसला. नारळ घरात आला की माय तो फार दिवस ठेवत नाही, फोडून चटणीला लावते. हा नारळ मात्र कोणी फोडला नाही आणि कोणी देवळातही नेऊन वाहिला नाही. काडेपेटी घ्यायची असली की आम्ही सगळे त्याच्याकडे न बघता हात आत घालायचो.

तो नारळ माझ्या भाऊजींनी, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्यानं, चारचौघांसमोर बाबांच्या हातात दिला होता. तो का दिला आणि पुढं त्याचं काय झालं, ते मला सांगायचं आहे. असं लिहायची मला सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कारंजाला एसटीनं ये-जा करते. परीक्षेचा पेपर सोडला तर एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही. कुठं चुकलं तर चुकू दे.

आमचं गाव कामरगावहून जीपनं जवळच आहे. गावात तंटामुक्ती समिती आहे. बांधाचं, पाण्याच्या पाळीचं, भावाभावाचं भांडण समिती ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसून मिटवते. नवरा-बायकोच्या भांडणासाठी तिची एक ठरलेली रीत आहे. शेवटी नवऱ्यानं सासऱ्याच्या हातात नारळ द्यायचा आणि म्हणायचं, "पुन्हा हात उचलणार नाही." मग सगळ्यांना चहा येतो. लहान असताना मी अशा बैठका हॉलच्या खिडकीतून पाहिल्या आहेत. आमच्या गल्लीतल्या एका काकूचा मार त्या नारळामुळं खरंच थांबला, कारण तिच्या नवऱ्याला ते वाक्य साऱ्या गावासमोर म्हणावं लागलं होतं. म्हणून त्या रीतीला मी हसत नाही. तिच्यात एकच खोट होती. मारणारा नवराच असणार, हे तिनं आधीच धरलेलं होतं.

भाऊजी धनजचे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरायचं काम ते करतात. मोटर उघडायची, आतली करपलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार एकेक वेटोळं करून खाचेत बसवायची. हे सगळं बोटांचं काम. आमच्या गावात असं दुकान नव्हतं, म्हणून लग्नानंतर त्यांनी ते स्टँडजवळ टाकलं आणि आमच्याच गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्यामुळं टवाळ पोरं त्यांना घरजावई म्हणायची. ते हसून सोडून द्यायचे. पण खरं म्हणजे सारं गाव आमचं होतं, त्यांचं असं कोणी नव्हतं. शेजारी पंक्चरचं दुकान असलेले एक चाचा होते, तेवढेच.

ताई लहानपणापासून तापट. शाळेच्या वाटेवर एका पोरानं माझी वेणी ओढली, तर तिनं त्याला चपलेनं बडवलं होतं. आम्हाला त्याचा अभिमान होता. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "पोट्टी वाघीन हाय माही." लग्नानंतर तिनं भाऊजींच्या अंगावर ताट फेकलं, तेव्हाही घरात सगळे हसले. "जवाई भेते वो आपल्या पोरीले!" असं मावशी म्हणाली. मीही हसले असेन. एकदा त्यांच्या दंडावर काळानिळा वण दिसला, तर मोटर उचलताना लागलं म्हणाले.

त्या दिवशी मायनं तुरीच्या शेंगा उकडून ताईकडं द्यायला पाठवल्या होत्या. ताई खलबत्त्यात मिरची कुटत होती. भाऊजी खाली बसून जेवत होते. चार वर्षांची भाची त्यांच्या मांडीला टेकून होती. जेवता जेवता ते म्हणाले की आईला बरं नाही, उद्या धनजला जाऊन येतो.

"परत त्या म्हातारीकडं?" ताई म्हणाली.

"एक डाव पाहून येतो ना बापा."

ते ताट सरकवून उठायला लागले. उठताना त्यांनी उजवा हात जमिनीवर टेकवला. ताईनं हातातला बत्ता त्या हातावर घातला.

ते ओरडले नाहीत. हात छातीशी धरून तसेच बसले. भाची रडायला लागली. माझ्या हातातलं शेंगांचं भांडं हातातच राहिलं. ताई पुन्हा मिरची कुटायला लागली, आणि तेच मला सगळ्यात जास्त आठवतं.

दवाखान्यात त्यांच्याबरोबर मी गेले. दोन बोटं मोडली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"दरवाज्यात सापडला जी," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर एक पोस्टर होतं. त्यात चेहरा झाकून घेतलेली बाई होती आणि खाली लिहिलेलं होतं की घाबरू नका, बोला, आम्ही ऐकतो. प्लास्टर होईस्तोवर मी ते परत परत वाचलं. ते पोस्टर बरोबरच होतं. पण भाऊजी त्याच्या अगदी खाली बसले होते आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरात पुन्हा आरडाओरडा झाला. शेजाऱ्यांनी समितीला सांगितलं आणि बैठक बसली. बाबा पुढं सतरंजीवर होते, ताई एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन. माय आणि मी दाराशी उभ्या होतो.

"बोला जवाईबुवा," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "काहून भांडून राह्यले? भांड्याले भांडं लागते, समजलं. पन साऱ्या गल्लीले आयकू जाते म्हंजे काय?"

भाऊजींनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला.

"हातबीत उचलला का?"

"नाई जी."

"पयले सगळेच नाई म्हनतात बापा!" कोणीतरी मागून म्हणालं आणि हॉल हसला.

"अन् हे हाताले काय झालं?"

"दरवाज्यात सापडला."

"पाहा," अध्यक्ष बाबांकडं वळून म्हणाले, "रागानं दरवाजा आपटला असन. रागावर ताबा ठेवा लागते मानसानं."

ताईचं झाकण्यासाठी भाऊजी जे खोटं बोलले होते, तेच त्यांच्यावर उलटलं. ताईला कोणी काही विचारलं नाही. तिनं आपणहून काही सांगितलं नाही. मग नारळ आला. भाऊजींनी तो डाव्या हातानं बाबांपुढं धरला.

"अरे अरे! डाव्या हातानं नारळ देते का कोनी? सासरा हाय तो. उजव्या हातानं द्या."

पुन्हा हसू. भाऊजींनी नारळ उजव्या हातावर घेतला. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजून जाड झाली होती. नारळ घसरला. बाबांनी तो खालून झेलला आणि त्यांची नजर भाऊजींच्या चेहऱ्यावर गेली. मी बाबांना पाहत होते. त्यांना तेव्हाच कळलं, असं मला वाटतं.

"पुन्हा हात उचलणार नाही," भाऊजी म्हणाले.

चहा आला.

नारळानं भांडण मिटेल असं गावाला वाटलं होतं. झालं उलटं. ताई आमच्या घरी येऊन मायसमोर हसत म्हणाली, "म्या तं त्याईले सांगतलं, साऱ्या गावानं नारळ घेतला तुह्यापासून. आता जाय, सांग कोनाले सांगतं त." मी देवळीकडं पाहिलं.

भाऊजींना मी दुकानात जाऊन विचारलं, पोलिसात का जात नाही. ते एका हातानं पान्याशी झटत होते. म्हणाले, "जाऊन काय सांगू? पयले गावच सांगन, यानं सगळ्यांसमोर माफी मागतली. अन् पोट्टीले सोडून कुठी जाऊ?" शेजारून चाचा म्हणाले, "बेटा, तेरे जिजा का खाना आजकल दुकान में ही होता है. घर का नाम लो तो चुप."

त्या दिवशी मी ठरवलं. काय करायचं ते माहीत नव्हतं, पण तो नारळ परत द्यायचाच, हे ठरलं. तो आमच्या देवळीत होता तोवर भाऊजींचं खरं कोणी ऐकणार नव्हतं.

कॉलेज बुडवून मी वाशीमला गेले. घरात छळ होणाऱ्या बायकांसाठी सरकारचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांचं ऑफिस शोधलं. बाहेरच्या बाकावर किती वेळ बसले असेन. आत जाऊन काय म्हणायचं तेच जुळत नव्हतं. शेवटी आतल्या मॅडमनीच हाक मारली. त्यांना वाटलं मारहाण माझ्याच घरात, मलाच होत असेल. मी नाही म्हटलं आणि सगळं सांगितलं, बत्त्यापासून नारळापर्यंत.

त्यांनी मध्ये थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "हा कायदा बाईसाठी आहे. तुझे भाऊजी माझ्याकडं अर्जदार म्हणून येऊ शकत नाहीत. मारहाणीची तक्रार पोलिसात करता येते. उत्पन्नाच्या अटीत बसले तर कोर्टातून मोफत वकील मिळू शकतो, चौकशी करायला सांग. पण बसवून ऐकून घेणारं, घरातून निघावं लागलं तर चार दिवस ठेवून घेणारं, असं पुरुषांसाठी इथं काही माझ्या माहितीत नाही."

"मग तसं काही सुरू करा म्हणून कोणी मागितलं का मॅडम?"

त्यांनी चष्मा काढला. "मागायला आधी कोणी बोलायला पाहिजे ना. पुरुष इथं येतच नाहीत. आम्ही काही मागितलं की वरचे साहेब विचारतात, असे किती येतात? नाही येत. मग गरज नाही, असं होतं. ग्रामसभेत ठराव करून पाठवा. कागद तरी वर जाईल." मी निघाले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "एक ध्यानात ठेव. बायकांचं काढून पुरुषांना द्या, असं लिहू नका. माझ्याकडं रोज काय काय येतं ते मी बघते."

"नाही मॅडम," मी म्हटलं. "एक खुर्ची वाढवा, एवढंच."

"आणि तुझ्या बहिणीलाही बोलायचं असेल तर तिला घेऊन ये. माणूस असं का करतो, हेही कोणी तिला विचारलेलं नसतं."

परत येताना एसटीत मला सगळ्यात जास्त भीती गावाची नाही, बाबांची वाटत होती. घरी सांगितलं तर माय आधी भडकली. "आपल्याच पोट्टीचं नाव चव्हाट्यावर आनतं? कॉलेजात हेच शिकवून राह्यले का तुले?" बाबा खाटेवर बसून होते. ते एवढंच म्हणाले, "तुही बहीन हाय ते."

"मले मालूम हाय, बाबा. पन तो नारळ आपल्या घरात हाय."

ते उठून वावरात निघून गेले.

भाऊजींना विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नव्हते. ते कितीतरी दिवस हो म्हणाले नाहीत. एकदा मी दुकानावरून जात होते, तेव्हा त्यांनी स्वतःच मला थांबवलं. प्लास्टर निघालं होतं, पण दोन बोटं वाकत नव्हती. म्हणाले, "डाव्या हाताचं तू सांग. बाकीचं मी सांगीन. जमलं त."

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. नळाचं, रस्त्याचं, घरकुलाचं बोलणं झालं. मग मी उभी राहिले. मला एक विषय मांडायचा आहे, असं म्हटलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. समितीच्या नारळाबद्दल आहे म्हटल्यावर मागून एक जण ओरडला, "पाहा बापा, साळीले जिजाजीचा लय कळवळा!"

सगळे हसले. या टोमण्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं आणि माझ्या लग्नाच्या वेळी तो पुन्हा निघेल हेही माहीत होतं. खाली बसावं असं वाटलं. पण भाऊजी भिंतीशी उभे होते, उजवा हात खिशात घालून.

"हाव, हाय कळवळा," मी म्हटलं. "बहिनीचा बी हाय. म्हून बोलून राह्यली." मग मी अध्यक्षांकडं वळले. "काका, त्या दिवशी भाऊजीनं डाव्या हातानं नारळ दिला, तं तुमी म्हनलं उजव्या हातानं द्या. समदे हसले. त्यायचा उजवा हात काहून उचलत नाई, हे कोनी इचारलं का? माह्या बहिनीले कोनी एक शब्द इचारला का? दोघायले अलग बसवून इचारलं असतं तं नारळ कोनी कोनाले द्याचा होता, ते समजलं असतं."

"म्हंजे कसं?" अध्यक्ष म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

भाऊजींनी हात खिशातून काढला. "दरवाजा नव्हता जी," ते म्हणाले. "बत्ता होता. म्या कधी हात नाई उचलला."

मघाचाच माणूस फिदीफिदी हसला. "बायकोचा मार खाल्ला लेका!"

"हँस ले भाई," दाराशी बसलेले चाचा म्हणाले. "कल तेरी मोटर जलेगी, तो इसी हाथ के पास लेके आएगा."

या वेळी हसू त्या माणसावर फिरलं. मी तेवढ्यात बाबांना शोधलं. ते जागेवर नव्हते. ते उठून गेले होते. तरी मागण्या सांगायच्या राहिल्या होत्या, त्या मी सांगितल्या. मार लागलेला माणूस दवाखान्यात आला तर, तो पुरुष असला तरी, त्याला घरच्यांपासून बाजूला घेऊन एकदा विचारावं. बायकांना समुपदेशन मिळतं तसं पुरुषांनाही मिळावं, बायकांचं काही कमी न करता. घरातून निघावं लागलं, तर लेकरासह चार दिवस थांबायला तालुक्याला एक जागा असावी. आणि आपल्या समितीनं दोघांना वेगवेगळं विचारल्याशिवाय कोणाकडूनच नारळ घेऊ नये. ग्रामसेवक लिहून घेत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पुरुषांनाही, असंच लिहू?"

"असंच लिहा."

तेव्हा बाबा आत आले. हातात नारळ होता, देवळीतला, धुरानं एका बाजूनं काळा झालेला. ते घरी जाऊन आले होते. ते सरळ भाऊजींसमोर गेले. भाऊजींनी सवयीनं उजवा हात पुढं केला. दोन बोटं ताठ होती.

"नाई," बाबा म्हणाले. "डाव्या हातानं घ्या. चालते."

भाऊजींनी तो डाव्या हातात घेतला. अध्यक्ष मान खाली घालून म्हणाले, "ठराव घ्या. मंजूर म्हना." काही हात वर झाले, काही नाही झाले. पण मंजूर झाला.

दुसऱ्याच दिवशी भाऊजी दवाखान्यात गेले आणि बोटं कशी मोडली ते डॉक्टरांना खरं सांगून आले. पोलिसात लेखी दिलं. आता ते धनजला आईकडं राहतात, रोज दुकानाला येतात. भाची ताईकडं असते, पण अंगणवाडी सुटली की दुकानात येऊन बसते. ते पुढं एकत्र राहतील की नाही मला माहीत नाही, आणि ते माझं ठरवायचं नाही.

ताई माझ्याशी बोलत नाही. ग्रामसभेच्या संध्याकाळी ती घरी आली होती. "माहा संसार मोडला तुनं," म्हणाली. मी म्हटलं, वाशीमच्या मॅडम तुलाही भेटायला बोलवत आहेत, तुझंही ऐकतील. ती उंबऱ्यावर बसून राहिली, चहा न घेता गेली. मागच्या महिन्यात मायला घेऊन ती एकदा तिथं जाऊन आली. माय म्हणते, एक शब्द बोलली नाही, पण उठून गेली नाही.

ठराव कारंजाच्या पंचायत समितीत गेला आहे. त्याचं काय झालं ते विचारायला मी कॉलेजमधून परतताना जाते. कधी साहेब बाहेर असतात, कधी कागद दुसऱ्या टेबलावर असतो. एका बाबूनं विचारलं, "तुमचं स्वतःचं काही काम आहे का यात?" मी म्हटलं, आहे. आता ते मला ओळखतात आणि मी दारात दिसले की आधीच कपाटाकडं बघतात.

परवा तिथून परतून स्टँडवर उतरले आणि दुकानात गेले. भाऊजी डाव्या हातानं तार ओढत होते आणि उजव्या हाताच्या न वाकणाऱ्या बोटांनी ती खाचेत दाबून धरत होते. आधीच्यापेक्षा वेळ लागतो, पण वेटोळं सरळ बसत होतं. त्या नारळाचं खोबरं त्यांनी आणि चाचांनी केव्हाच वाटून खाल्लं होतं. करवंटीत आता ते स्क्रू ठेवतात.

"काय म्हनले?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"पुढच्या आठवड्यात या म्हनले."

"मंग?"

"मंग जाईन."